मदरशातले विद्यार्थी आणि इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातल्या एका निवासी मदरशात मी इंग्रजी शिकवतो. हे कळले की लोक ठरावीक प्रश्न विचारतात. कुणी कुतूहलाने विचारतो, कुणी संशयाने, तर कुणाला आपला मुलगा मदरशात घालायचा की नाही हे ठरवायचे असते. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एका जागी दिली आहेत. ती मुख्यतः भारतातल्या उर्दू माध्यमाच्या निवासी मदरशांबद्दल आहेत.

मदरशातल्या मुलांना इंग्रजी शिकायची असते का?

असते, आणि मनापासून असते. बाहेरच्यांना हे लवकर पटत नाही. वसतिगृहातल्या ट्रंका उघडल्या तर कुराण, हदीस (पैगंबरांची वचने), व्याकरण यांच्या जोडीला ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाचे एखादे जुने पुस्तक हमखास निघते. ते विकत आणलेले असते, किंवा आधीच्या वर्षीच्या मुलाने जाताना देऊन टाकलेले असते.

मुलांच्या वह्या पाहण्यासारख्या असतात. वही उर्दूच्या सवयीने उजवीकडून उघडते, म्हणजे आपण जिला शेवटचे पान म्हणू तिथून सुरू होते. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा उर्दू अर्थ आणि बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात अरबी प्रतिशब्द. तो अरबी शब्द कुणी सांगितलेला नसतो. मुलगा आपणहून लिहितो, कारण त्याच्या डोक्यात नव्या शब्दाला जागा अरबीच्या शेजारीच सापडते.

पण इच्छा असणे आणि तोंड उघडणे यांत मोठे अंतर आहे. ‘इंग्रजी कुणाला शिकायची आहे?’ असे विचारले की सगळे हात वर येतात. ‘उभे राहून चार वाक्ये कोण बोलेल?’ असे विचारले की सगळ्या माना खाली जातात. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा विषय हे अंतरच आहे.

अशी मुले किती आहेत?

लोकांना वाटते त्याहून खूप कमी. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशात शिकत होती. बाकीची साध्या शाळेत जात होती, किंवा कुठेच जात नव्हती. सकाळी किंवा संध्याकाळी तासभर मशिदीत कुराण वाचायला जाणारी मुले वेगळी. त्यांची शाळा चालू असते, त्यामुळे त्यांना इंग्रजीचा हा प्रश्न पडत नाही.

धर्माने इंग्रजी शिकायला मनाई केली आहे का?

नाही. उलट मदरशातला कोणताही मोठा विद्यार्थी तुम्हाला झैद बिन साबित यांची गोष्ट सांगेल. आलेली पत्रे वाचता यावीत आणि त्यांना उत्तरे लिहिता यावीत म्हणून पैगंबरांनी या तरुण सोबत्याला ज्यूंची लिपी शिकून घ्यायला सांगितले, आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली. परकी भाषा शिकण्याच्या बाजूने मदरशात हाच दाखला सर्वाधिक दिला जातो.

मग मदरशांचा इंग्रजीला विरोध आहे, हे कुठून आले?

हे इतिहासातून आले, आणि तो इतिहास थोडा सावकाश पाहायला हवा.

आज मदरशात जो अभ्यासक्रम चालतो त्याला दर्स-ए-निजामी म्हणतात. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावावरून तो ओळखला जातो. त्यात कुराण-हदीसबरोबर तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित असे विषय भरपूर होते. कारण उघड आहे. हा अभ्यास करून बाहेर पडलेला माणूस काझी व्हायचा, दरबारात कारभारी व्हायचा, फारसीत दस्तऐवज लिहायचा. म्हणजे त्या काळात हे पोटापाण्याचे शिक्षणही होते.

१८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर सरकारने इंग्रजी शिक्षणाला पैसा आणि पाठबळ दिले, १८३७ मध्ये कचेऱ्यांतून फारसी हटवण्याचा कायदा झाला. एका पिढीत या लोकांचे ज्ञान बाजारातून उठले. त्यात १८५७ चा उठाव आणि त्यानंतर दिल्लीची झालेली धूळधाण. १८६६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या छत्ता मशिदीत दारुल उलूम या मदरशाची सुरुवात झाली ती या पार्श्वभूमीवर. राज्य गेले, निदान दीन म्हणजे धर्म तरी वाचवू, ही त्यामागची भावना होती. इंग्रजी ही तेव्हा केवळ भाषा नव्हती. सत्ता, मिशनऱ्यांच्या शाळा आणि नोकरी हे सगळे तिच्यामागून येत होते.

तरीही उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, भाषेला हराम ठरवले, असे म्हणणे चूक आहे. शाह अब्दुल अझीझ देहलवी यांनी त्याआधीच इंग्रजी शिकायला हरकत नसल्याचे मत दिले होते. देवबंदच्या पहिल्या पिढीतले रशीद अहमद गंगोही यांचा फतवाही तसाच आहे: शिकण्याच्या ओघात पाप घडू नये आणि दीनला धक्का लागू नये, एवढीच त्यांची अट. नदवतुल उलेमा या उलेमांच्या संघटनेने लखनौला स्वतःचे दारुल उलूम काढल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिबली नोमानी यांनी तिथे इंग्रजीचा आग्रह धरला. अंतर्गत विरोध झाला, पण इंग्रजी तिथे आली.

म्हणून माझे मत असे आहे: आज इंग्रजी मागे पडते ती फतव्यामुळे नव्हे. वेळ नाही, शिक्षक नाही, आणि मूल इंग्रजीपाशी पोहोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही तीन कारणे सोडून फतव्यावर चर्चा करत बसले की सगळ्यांचीच सोय होते.

२०२३ मध्ये देवबंदने इंग्रजीवर बंदी घातली होती ना?

त्या वर्षीच्या जूनमध्ये तशा बातम्या आल्या. दारुल उलूमने विद्यार्थ्यांसाठी एक सूचना लावली होती: इथे प्रवेश घेतलेला असताना बाहेर इंग्रजी किंवा इतर अभ्यासक्रम करू नयेत, केल्यास कारवाई होईल. त्यावर टीका झाली तेव्हा संस्थेने खुलासा केला की बंदी इंग्रजीवर नाही. मुले तास बुडवून बाहेरच्या शिकवण्यांना जातात, ते थांबवायचे आहे. देवबंदमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र विभाग आहे आणि आलिमचा म्हणजे धर्मपंडिताचा अभ्यास संपवलेल्यांसाठी तिथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, ही गोष्ट खरी आहे.

पण ही सूचना काढावी लागली, यातच मुलांच्या वृत्तीविषयीची सगळ्यात मोठी माहिती आहे. मुले चोरून, पदरचे पैसे घालून, कारवाईचा धोका पत्करून गावात इंग्रजीच्या शिकवणीला जात होती. ज्यांना इंग्रजी नको असते ती मुले असे करत नाहीत. माझ्या मते संस्थेने अभ्यासाची शिस्त राखणे योग्यच आहे, पण तीच शिकवणी आत, वेळापत्रकात आणली असती तर सूचनेची गरज पडली नसती.

मुलांना इंग्रजी कशासाठी हवी असते?

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात गार्डनर आणि लॅम्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली एक जुनी विभागणी आहे. काही जण नोकरी, पदवी, व्यवहार अशा उपयोगासाठी भाषा शिकतात. काही जण त्या भाषेच्या लोकांत मिसळावे, त्यांच्यासारखे व्हावे म्हणून शिकतात. मदरशातल्या मुलांना ही विभागणी लावली तर पहिला भाग चांगला बसतो, दुसरा जवळजवळ अजिबात नाही. इंग्रजासारखे व्हायचे कुणाच्या मनात नसते.

उपयोगाची यादी मात्र अगदी ठोस असते. दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत इराक, येमेन, ओमानहून रुग्ण येतात. तिथे अरबी-इंग्रजी दुभाषे लागतात आणि हे काम करणाऱ्यांत मदरशातून शिकून गेलेले बरेच तरुण आहेत. ही बातमी मुलांपर्यंत केव्हाच पोहोचली आहे. भाषांतराच्या कंपन्या, आखाती देशांतली कार्यालये यांचेही तसेच. काहींना ब्रिटन किंवा दक्षिण आफ्रिकेत इमाम म्हणून जायचे असते, तिथे जुम्म्याचे प्रवचन इंग्रजीत द्यावे लागते. आणि विद्यापीठात जायचे असेल तर प्रवेश परीक्षा आडवी येते.

याशिवाय एक तिसरे कारण आहे, जे त्या दोन कप्प्यांत बसत नाही: दीनचे काम. इस्लामबद्दल इंग्रजीत जे लिहिले-बोलले जाते ते या मुलांच्या कानावर येते, मोबाइलवर दिसते, आणि उत्तर द्यावेसे वाटते. अरबी मूळ ग्रंथ ज्यांनी कधी उघडले नाहीत ते लोक इंग्रजीत त्यांच्याबद्दल बोलतात, आणि ज्याने ते ग्रंथ ओळीने ओळ वाचले तो गप्प बसतो, ही त्यांची खंत असते. मला हे कारण सगळ्यात टिकाऊ वाटते. नोकरीसाठी शिकणारा मुलगा दोन महिन्यांत कंटाळू शकतो, या कारणासाठी शिकणारा सहसा सोडत नाही.

आणि चौथे कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. ते म्हणजे घरातली जागा. धाकटा भाऊ गावच्या इंग्रजी शाळेत जातो, बँकेचा फॉर्म तो भरतो, मोबाइलवर आलेला संदेश तो वाचून दाखवतो. कुराण तोंडपाठ असलेला मोठा भाऊ शेजारी बसून असतो. घरातल्या कुणाचा काही वाईट हेतू नसतो, पण त्याला ते लागते.

इतकी इच्छा आहे तर मुले बोलायला का घाबरतात?

वयामुळे. हे नीट समजून घ्या, कारण बाकीचे सगळे यातून निघते.

नेहमीचा प्रवास असा असतो. मूल तिसरी-चौथीत असताना शाळा सुटते आणि हिफ्ज सुरू होतो, म्हणजे कुराण पाठ करणे. त्यात तीन-चार वर्षे जातात. मग आलिमच्या अभ्यासाला सुरुवात. इंग्रजीची खरी ओळख होते तेव्हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो. या वयात तो अरबी वाक्याची चिरफाड करू शकतो, हदीसच्या वर्णनकर्त्यांची साखळी सांगू शकतो, वारसाहक्काचे किचकट अपूर्णांक मांडू शकतो. आणि आपण त्याच्या हातात काय देतो? सफरचंद आणि चेंडूची चित्रे असलेले बालवाडीचे पुस्तक. त्याला लाज वाटली नाही तरच नवल.

एक मुलगा मला आठवतो. वर्गातला सर्वांत हुशार, दौरा-ए-हदीसपर्यंत, म्हणजे आलिमच्या शेवटच्या वर्षापर्यंत, पहिला आलेला. इंग्रजीच्या तासाला तो मागे जाऊन बसायचा. पुढे कधीतरी मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि वझूच्या, म्हणजे नमाजआधी हात-तोंड धुण्याच्या, पायऱ्या इंग्रजीत फळ्यावर लिहिल्या: हात धुवा, चूळ भरा, तोंड धुवा. विषय त्याचा होता, फक्त शब्द नवे होते. त्या तासाला तो पहिल्यांदा उभा राहिला आणि माझ्या क्रमात राहिलेली एक पायरी त्याने सांगितली, मोडक्या इंग्रजीत का होईना. त्यानंतर तो पुढे बसू लागला. मोठ्या मुलाला मोठ्या माणसाचा मजकूर लागतो. मदरशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगतो.

दुसरी भीती सोबत्यांची. चार शब्द बोलला की ‘आला मोठा साहेब’ म्हणून कुणीतरी हसते. तिसरी उस्तादांची: इंग्रजीचे पुस्तक हातात दिसले तर त्यांना वाटेल की याचे लक्ष मूळ अभ्यासातून उडाले. उस्ताद काही बोलतही नाहीत बऱ्याचदा, पण मुलाला त्यांची मर्जी प्राणापलीकडे असते.

अरबी येणाऱ्याला इंग्रजी सोपी जाते का?

काही बाबतींत नक्की जाते. या मुलांनी तजवीद शिकलेली असते, म्हणजे प्रत्येक अरबी अक्षर तोंडात नेमके कुठून काढायचे याचे शास्त्र. अरबी ‘सा’ हे तीन नुक्त्यांचे (टिंबांचे) अक्षर जिभेचे टोक वरच्या दातांना लावून, हवा सोडत काढतात. इंग्रजी ‘थिंक’मधला पहिला उच्चार नेमका तोच आहे. ‘धिस’मधला उच्चार म्हणजे अरबी ‘जाल’. आपण मराठी माणसे आयुष्यभर मराठी थ आणि ध वर काम भागवतो. हाफिज म्हणजे कुराण पाठ झालेला मुलगा पहिल्या दिवशी तो उच्चार अचूक काढतो, फक्त ‘हे अक्षर तुला येते’ एवढे त्याला सांगावे लागते.

‘द’ हे उपपद कुठे लावायचे यात मराठी, उर्दू बोलणारे अडखळतात, कारण आपल्याकडे ते नाहीच. अरबीत ‘अल’ आहे, त्यामुळे ठरलेली वस्तू आणि कुठलीही वस्तू यांतला फरक मुलाला ठाऊक असतो. कर्ता, कर्म, विशेषण, क्रियापदाची रूपे हे सगळे सर्फ आणि नह्वमध्ये, म्हणजे अरबीच्या शब्दरूप आणि वाक्यरचनेच्या अभ्यासात, त्याने घोटलेले असते. त्याला व्याकरणाची भीती नसते.

अडचणीही तिथूनच येतात. अरबीत ‘झैद उभा’ एवढे पूर्ण वाक्य होते, ‘आहे’ लागत नाही. त्यामुळे इंग्रजीतले ‘इज’ कायम गळते. उर्दूच्या सवयीने ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते. कॅपिटल अक्षर कुठे घालायचे हे लवकर बसत नाही, कारण अरबी-उर्दूत तसा प्रकार नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शिकण्याची रीत. अरबी ही त्याने वाचायची, अर्थ लावायची भाषा म्हणून शिकलेली असते. इंग्रजीही तो तशीच शिकतो. नियम पाठ, भाषांतर पाठ, आणि बोलणे शून्य.

वेळापत्रकात इंग्रजी कुठे बसते?

फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजपासून दिवस सुरू होतो. सकाळचे तास मुख्य ग्रंथांचे. जुहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) पुन्हा तास, असरनंतर (तिसऱ्या प्रहरी) खेळ, मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) तकरार म्हणजे दिवसभराचा धडा गटात बसून उगाळणे, आणि इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) वाचन. इंग्रजीला सहसा जुहरनंतरची वेळ मिळते, जेवण झालेले असते आणि डोळे मिटत असतात.

माझ्या अनुभवात गुरुवारची रात्र त्याहून मोलाची. शुक्रवारी सुटी, म्हणून गुरुवारी रात्री अंजुमन भरते. मुलेच अध्यक्ष, मुलेच वक्ते, आणि भाषणांचा सराव. तिथे उर्दू आणि अरबीच्या जोडीला एक भाषण इंग्रजीत ठेवले की मुले आठवडाभर तयारी करतात. सुरुवातीला पाठ करून बोलतात. बोलू द्यावे.

शिक्षक कोण असतात?

इथे दुखणे आहे. दीनचे विषय शिकवणाऱ्याला मुले ‘हजरत’ किंवा ‘मौलाना’ म्हणतात, इंग्रजी-गणित शिकवणाऱ्याला ‘मास्टर साहब’. मान दोघांना मिळतो, पण मास्टर साहब येतात, तास घेतात आणि जातात. मुलांबरोबर जेवणारा, त्यांना रागावणारा, त्यांच्या घरची चौकशी करणारा माणूस वेगळा असतो.

केंद्राच्या जुन्या मदरसा योजनेत पदवीधर शिक्षकाला महिना ६,००० आणि पदव्युत्तर किंवा बी.एड. झालेल्याला १२,००० रुपये मानधन ठरले होते. उत्तर प्रदेशात तेही वर्षानुवर्षे थकले आणि शेवटी योजनाच बंद पडली. महाराष्ट्रात २०१३ पासून डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. झालेल्यांचे ८,००० वरून १८,००० करण्याचा निर्णय घेतला. वाढ गरजेचीच होती. सहा हजारांत कोण टिकणार?

मात्र पुष्कळ मदरसे सरकारी पैसा घेतच नाहीत. देवबंदच्या संस्थापकांपैकी कासिम नानौतवी यांनी घालून दिलेल्या आठ तत्त्वांत सरकारी मदतीपासून दूर राहण्याचा सल्ला आहे, आणि तो आजही पाळला जातो. अशा ठिकाणी शिक्षकाचा पगार लोकांच्या देणगीतून निघतो.

महाराष्ट्र सरकारने मदरशांना ‘शाळा नाही’ ठरवले होते, ते काय होते?

जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने म्हटले की जिथे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र शिकवले जात नाही तिथली मुले शाळाबाह्य धरली जातील. बराच गदारोळ झाला. मुलांना हे विषय मिळावेत याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्या मुलाने पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास केला त्याला ‘शाळाबाह्य’ म्हटले की तो दुखावतो, आणि दुखावलेला माणूस तुमची भाषा शिकायला सहज येत नाही.

महाराष्ट्रात चांगली कामे कुठे चालू आहेत?

मुंबईत जोगेश्वरीला मरकजुल मआरिफ ही संस्था आहे. अत्तराचे व्यापारी आणि आसामचे राजकारणी बदरुद्दीन अजमल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा उपक्रम पुढे मुंबईत आला. मदरशातून आलिम होऊन बाहेर पडलेल्यांसाठी इथे इंग्रजी भाषा आणि साहित्याचा दोन वर्षांचा निवासी डिप्लोमा आहे. एबीसीडीपासून सुरुवात करून मुले इंग्रजीत भाषण देण्यापर्यंत आणि लेख लिहिण्यापर्यंत जातात. संस्था ‘ईस्टर्न क्रेसेंट’ हे इंग्रजी मासिकही काढते. पुढे याच धर्तीचे अभ्यासक्रम देशात इतरत्र सुरू झाले.

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभारलेल्या जामियाने, म्हणजे मोठ्या मदरशाने, धार्मिक शिक्षणाच्या जोडीला शाळा, फार्मसी, अभियांत्रिकी अशी महाविद्यालये काढली. वस्तानवी २०११ मध्ये काही महिने देवबंदचे मोहतमिम म्हणजे प्रमुखही होते. मालेगावात मदरशांची परंपरा जुनी आहे, कोकणात श्रीवर्धनला जामिया हुसैनिया आहे, जिथल्या मुलांच्या घरी कोकणी-मराठी बोलली जाते.

एक गोष्ट मात्र खटकते. इंग्रजीच्या चर्चेत मराठी कुणाच्या लक्षातच राहत नाही. तहसील कचेरी, एसटी, ग्रामपंचायत इथे मुलाला आधी मराठी लागते. महाराष्ट्रातल्या मदरशात दोन्ही भाषा हव्यात.

केरळ आणि बंगालमध्ये हा प्रश्न का ऐकू येत नाही?

केरळात बहुतेक मुले सकाळी शाळेआधी मदरशात जातात आणि नंतर शाळेत. दोन्हींत निवड करावी लागत नाही. तिथे चेम्माडची दारुल हुदा ही संस्था १९८६ पासून दीनचे शिक्षण आणि विद्यापीठाची पदवी एकाच अभ्यासक्रमात देते. पश्चिम बंगालमध्ये ‘हाय मदरसा’ ही मंडळाची मान्यता असलेली जवळजवळ शाळाच आहे, इंग्रजी सक्तीची आहे, आणि हिंदू मुलेही तिथे शिकतात.

मुलींचे मदरसे कसे आहेत?

मालेगावचे जामियातुस्सालिहात यांसारखे मुलींचे मदरसे आपल्याकडे कित्येक दशकांपासून आहेत. माझ्या पाहण्यातल्या मुली सातवी-आठवीनंतर, कधी दहावीनंतर आलिमाच्या अभ्यासाला येतात. त्यामुळे त्यांची इंग्रजी मुलांपेक्षा बरी असते आणि भीतीही कमी. लग्नानंतर स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेता यावा, हे कारण त्या उघडपणे सांगतात. बऱ्याच जणी दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देतात.

इंग्रजी आली की मुलगा दीनपासून दुरावतो, हे खरे आहे का?

उस्तादांची ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ते बोलतात दीनबद्दल, पण त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते ते वेगळे: सर्वांत हुशार मुलगा इंग्रजी शिकतो, विद्यापीठात जातो, नोकरीला लागतो आणि मदरशात शिकवायला परत येत नाही. मशिदीतला इमाम आठ-दहा हजारांवर घर चालवतो, हे मुलगा रोज बघतो. तो जातो तो इंग्रजीमुळे नाही, त्या पगारामुळे. श्रद्धा सोडलेला मला फारसा कुणी भेटला नाही. पेशा सोडलेले बरेच भेटले. इमाम आणि उस्तादांचे वेतन जोवर असे आहे तोवर ही गळती राहणार, इंग्रजी शिकवा किंवा न शिकवा.

दुसऱ्या देशात कुणी हे जमवले आहे का?

इंडोनेशियातल्या पूर्व जावामधल्या गोंतोर या निवासी इस्लामी शाळेने. तीन भावांनी १९२६ मध्ये ते स्थापन केले. त्यांची एक आठवण तिथे आजही सांगितली जाते. त्या वर्षी सुराबायाच्या मुस्लिम परिषदेत मक्केला प्रतिनिधी पाठवायचा होता, त्याला अरबी आणि इंग्रजी दोन्ही यायला हव्या होत्या. असा एकही माणूस सापडेना, म्हणून दोघांना पाठवावे लागले. गोंतोरने ठरवले की आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत.

तिथे इंग्रजी हा तासापुरता विषय नाही. आवारात, जेवताना, खेळताना ठरलेल्या काळात अरबीच किंवा इंग्रजीच बोलायची. चुकून घरची भाषा बोललात तर शिक्षा, आणि कोण बोलले हे टिपून ठेवायलाही मुलेच नेमलेली. शिक्षेचा भाग मला पटत नाही. पण सगळेच चुकत बोलत असल्यामुळे कुणी कुणाला हसत नाही, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे आठवड्यातून एक दिवस फक्त जेवणघरात हा नियम करून पाहायला काय हरकत आहे? ‘मीठ दे’ आणि ‘अजून एक रोटी’ यासाठी फार मोठा शब्दसंग्रह लागत नाही.

आलिम झाल्यावर विद्यापीठात जाता येते का?

येते, पण कागदपत्रे आधी पाहा. अलीगढ, जामिया मिलिया, हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ही ठरावीक मदरशांच्या प्रमाणपत्रांना ठरावीक अभ्यासक्रमांसाठी मान्यता देतात. अलीगढने २०१३ मध्ये मदरशातल्या मुलांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला. वर्षभर इंग्रजी आणि इतर विषय शिकवून मुलांना पदवीच्या दारात आणून सोडायचे, ही त्याची कल्पना.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण त्या मंडळाच्या कामिल आणि फाझिल या पदव्या देण्याच्या तरतुदी रद्द केल्या, कारण पदवी देण्याचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली येतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: मदरशाबरोबरच मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएसमधून दहावी आणि बारावी करून घ्या. जमियत उलेमा-ए-हिंद या उलेमांच्या संघटनेने २०२१ मध्ये याच कामासाठी जमियत ओपन स्कूल सुरू केले आहे.

मुलगा मदरशात घालायचा आहे. पालक म्हणून काय पाहावे?

निदान पाचवीपर्यंत शाळा सोडवू नका. तोवर इंग्रजी अक्षरे आणि साधे वाचन पक्के झालेले असते आणि हिफ्जच्या वर्षांत ते पुसले जात नाही. मदरसा पाहायला जाल तेव्हा ‘इंग्रजी आहे का?’ एवढे विचारून थांबू नका, सगळे ‘आहे’ म्हणतात. आठवड्याला किती तास, कोणत्या वेळी, शिक्षक कोण, आणि एनआयओएसचा फॉर्म भरून घेतात का, हे विचारा.

मला मदरशात इंग्रजी शिकवायची आहे. कसे जावे?

सरळ मोहतमिमांना भेटा. मुस्लिम असण्याची अट बहुतेक ठिकाणी नसते; माझ्या ओळखीत गणित आणि इंग्रजीचे हिंदू शिक्षक वर्षानुवर्षे शिकवत आहेत. पहिल्याच भेटीत अभ्यासक्रम बदलायच्या सूचना देऊ नका. एखाद्या उस्तादांच्या तासाला मागे बसण्याची परवानगी मागा, मुले कशी शिकतात ते बघा, आणि मग आपला पाठ तयार करा. बालवाडीचे पुस्तक नेऊ नका.

वर्षाचे गणित वेगळे असते, ते इस्लामी महिन्यांवर चालते. शाबानमध्ये वार्षिक परीक्षा, रमजानमध्ये सुटी, शव्वालमध्ये नवे प्रवेश. त्यामुळे शाबानच्या आधी बोलणे करून ठेवा आणि शव्वालमध्ये सुरुवात करा. नोकरी सांभाळून येणार असाल तर रविवार बरा पडतो, कारण मदरशात सुटी शुक्रवारी असते आणि रविवारी तास नेहमीसारखे चालू असतात.